रज्जाकभाईंची खूण

रज्जाकभाई होडेकरांनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो माझ्या गावावरून.

मी बार्शीचा. आमच्या कंपनीचं मुख्य कार्यालय दुबईत, अल बर्शाला. मुलाखत तिथं झाली आणि नेमणूक मिळाली फुजैराच्या तेल टर्मिनलवर. पहिल्या दिवशी कंट्रोल रूममध्ये गेलो तर खिडकीजवळच्या खुर्चीत एक सडसडीत, पिकल्या दाढीचे गृहस्थ बसलेले. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बार्शी? आणि पाठवला कोणी?"

"हेड ऑफिसनं. अल बर्शा."

"बर्शावाल्यांनी बार्शीचा माणूस पाठवला." ते माझ्याकडे बघत राहिले. "आणि हा योगायोग समजायचा."

मी हसलो. ते हसले नाहीत. माझं ओळखपत्र मागून घेतलं, फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहिलं, उलटं करून मागची बाजू पाहिली आणि परत दिलं. "बस. चहा घे. माझ्याच थर्मासातला आहे, घाबरू नको." मी कशाला घाबरेन, असं माझ्या मनात आलं. पण दुसऱ्यानं दिलेला चहा ते स्वतः कधीच घेत नसत, हे मला नंतर कळलं.

दाभोळच्या खाडीकाठचं त्यांचं गाव. आखातात आले तेव्हा दाढी काळी होती, एवढंच ते आपल्या पूर्वायुष्याबद्दल सांगत. बायको गावी, अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी. फुजैरात ते आणि त्यांची मुलगी सना, असे दोघंच. सना इथंच वाढलेली, इथल्याच भारतीय शाळेत बारावीला. बाप मराठीत बोले, लेक इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघांचं चांगलं जमे.

आमचं टर्मिनल म्हणजे समुद्रकाठी तेलाच्या टाक्या आणि तिथून धक्क्यापर्यंत गेलेल्या नळांचं जाळं. समुद्रात जहाजं नांगर टाकून वाट बघत असतात. त्यातलं एखादं धक्क्याला लागलं की पंप सुरू करायचा, व्हॉल्व्ह उघडायचे, तेल भरायचं. हे सगळं कंट्रोल रूममधल्या पडद्यांवरून चालतं. ती यंत्रणा ज्या कंपनीनं बसवली, तिचं दुरुस्तीखातं पुण्यात. काही अडलं की पुण्यातला इंजिनियर इंटरनेटवरून आमच्या यंत्रणेत शिरून तिथूनच दुरुस्त करी. अशा येण्याजाण्यासाठी जी कुलूपबंद वाट करतात तिला व्हीपीएन म्हणतात. जुनी वाट जुनाट झाली होती. नवीन बसवायची, हे माझं पहिलं काम.

आणि इथं तर व्हीपीएन हा शब्दच लोक दबक्या आवाजात उच्चारतात. व्हॉट्सॲपवरून फोन इथं लागत नाही, म्हणून गावी बोलायला कुणीतरी चोरून ते फोनमध्ये टाकतं, मग पकडलेल्यांच्या आणि दंडाच्या गोष्टी लेबर कॅम्पपासून मॉलपर्यंत फिरत राहतात. मी कामाचं नाव सांगताच रज्जाकभाईंनी दार लावून घेतलं.

"तू व्हीपीएन बसवणार. माझ्या कंट्रोल रूममध्ये."

"भाई, कंपनीचं आहे. कंपनीला परवानगी असते. चोरून वापरण्यावर बंदी आहे, कामासाठी नाही."

"कोण म्हणतो?"

हा त्यांचा आवडता प्रश्न. आज उकाडा फार आहे म्हटलं, तरी ते विचारत, "कोण म्हणतो?" मासळी ताजी आहे म्हणणाऱ्या कोळ्याला, तब्येत ठणठणीत आहे म्हणणाऱ्या डॉक्टरला, आणि सनाला तर दिवसातून कितीदा तरी. बँकेच्या नावानं फसवणारे फोन इथं सगळ्यांनाच येतात. लोक कापून टाकतात. रज्जाकभाई कापत नसत. खुर्ची मागं टाकून आरामात बोलत. "बँकेतनं बोलतोस? कुठल्या ब्रांचमधून? तिथं पंखा आहे की एसी? तुझा साहेब कोण, त्याला दे. साहेब नमाजला गेला? मग तू नाही गेलास?" शेवटी समोरचाच वैतागून फोन ठेवी. मग रज्जाकभाई समाधानानं म्हणत, "खलास. दिवसभर आता दुसऱ्याला फसवायची ताकद नाही राहिली त्याच्यात."

मी परवानगीचे कागद हेड ऑफिसकडून मागवले, त्यांना वाचून दाखवले. तेव्हा कुठं त्यांनी मला जुन्या यंत्रापाशी जाऊ दिलं. तिथं पाहतो तर इंटरनेटची केबल काढून ठेवलेली. यंत्र चालू, दिवे लुकलुकताहेत आणि बाहेरच्या जगाला जोडणारी वायर जागेवर नाही.

"केबल कुठाय, भाई?"

त्यांनी टेबलाच्या खणाला थोपटलं. खणाला कुलूप होतं.

"पुण्याहून फोन आल्यावर लावतो. काम झालं की काढतो."

"पण पासवर्ड आहेत ना. आता तर प्रत्येक वेळी नवा आकडा लागेल आत यायला."

"पासवर्ड आकड्याला ओळखतो रे. माणसाला कोण ओळखणार?"

माणूस ओळखायची त्यांची स्वतःची पद्धत होती. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, माझी गंमत चाललीय.

पुण्यात आमचं काम मेघा नावाची इंजिनियर बघत असे. तिचा फोन आला की रज्जाकभाई स्पीकर लावत.

"कोण गो?"

"मेघा बोलतेय, भाई."

"खूण सांग."

"लेकाचा दात पडला, तो त्यानं कुंडीत पेरला."

"बरोबर. उगवला काय?"

"नाही अजून. रोज पाणी घालतोय."

मग खणाचं कुलूप निघे, केबल लागे. काम संपल्यावर, फोन ठेवताना मेघा घरातली एखादी क्षुल्लक, कुणाच्या कामाची नसलेली गोष्ट सांगे. ती पुढच्या वेळची खूण. कुठं लिहायची नाही, ईमेलमध्ये घालायची नाही. स्कूटर पंक्चर झाली. शेजारणीनं मांजर आणलं. नवऱ्यानं पहिल्यांदा भाकरी थापली. पुढच्या फोनवर तेवढं बरोबर सांगितलं तर मेघा ही मेघा. रज्जाकभाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं, फोटोतसुद्धा नाही. पण तिच्या शेजारचं मांजर, घरातली कुंडी आणि भाकरी त्यांना ठाऊक होती. आपल्या घरातलं मात्र ते तिला काहीच सांगत नसत. "मी कशाला सांगू? मला तिची खातरी करायची आहे. तिला माझी करायची असेल तर तिनं विचारावं."

नवीन व्हीपीएन मी बसवलं. पुण्याकडून ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रं आली, चाचण्या झाल्या, सगळं व्यवस्थित चाललं. केबल आता कायम लावून ठेवायला हरकत नव्हती. ती खणातच राहिली.

आमचे मॅनेजर कुरियन साहेब. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याही डोळ्यात शंका असे, आणि ती सहसा रज्जाकभाईंवरच रोखलेली असे. तेल भरण्याच्या धंद्यात हे चालायचंच. प्रत्येक जहाजाला वाटतं टर्मिनलनं तेल कमी दिलं, प्रत्येक टर्मिनलला वाटतं जहाज खोटं बोलतंय. त्यात बार्जवरच्या, म्हणजे तेल वाहणाऱ्या सपाट होड्यांवरच्या, बऱ्याच खलाशांशी रज्जाकभाईंची बोलचाल. एके दिवशी कुरियन साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"पुणे का लाइन चालू होता है, तो ये रज्जाक बाहर जाता है. हर टाइम. फोन लेके. किधर जाता है?"

मलाही ते दिसलं होतं. केबल लावली की रज्जाकभाई पिवळा जाडजूड फोन उचलत. तेलाच्या आवारात साधा मोबाईल चालत नाही, ठिणगीची भीती. म्हणून हा वेगळा. तो घेऊन ते दाराबाहेर जात आणि काम संपेपर्यंत परतत नसत. ज्या माणसाचा कुणावर विश्वास नाही, तो परक्याला आपल्या यंत्रणेत घेतो आणि स्वतः निघून जातो? मला हा हिशेब लागत नव्हता. खरं सांगायचं तर माझ्याही मनात बार्जचे खलाशी येऊन गेले.

"तुम देखो. चुपचाप," कुरियन साहेब म्हणाले.

पुढच्या वेळी मी त्यांच्या मागोमाग गेलो. ऑगस्टचं ऊन, नळांवरची हवा थरथरत होती. रज्जाकभाई टाक्यांच्या बाजूनं धक्क्याकडे गेले. मी एका खांबाआड थांबलो. ते एका मोठ्या व्हॉल्व्हपाशी उभे होते, फोन कानाला, पलीकडे मेघा.

"थांब गो. हलवू नको. माणूस आहे इथं. रंगारी आहे." मग तिकडं वळून, "ए भाई, यल्ला, हट जाओ. हां, ब्रश भी उठाओ." रंगारी डबा घेऊन दूर गेला. "हां, आता कोणी नाही. उघड तू. हळू. हां, फिरतोय. फिरतोय. उघडला. डोळ्यानं बघतोय मी."

मी परत फिरणार तेवढ्यात, मान न वळवता ते म्हणाले, "बार्शीवाले, कुरियननं पाठवलं की स्वतःहून आलास?"

"कुरियन साहेबांनी."

"बरं झालं खरं बोललास. स्वतःहून आलो म्हणाला असतास, तर जास्त वाईट." मग मला जवळ बोलावलं. "आधीच्या कंपनीत एकाची बोटं गेली अशी. दुसऱ्या देशातला कोणीतरी बटण दाबून मोकळा. पडद्यावर सगळं ठीक होतं. पडद्यावर काय, लाल दिसतं नि हिरवं दिसतं."

"मग हे साहेबांना सांगत का नाही तुम्ही?"

"त्यांनी मला कुठं विचारलं? तुला विचारलं."

मी कुरियन साहेबांना पाहिलं तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हर टाइम उधर ही जाता है? पक्का?" संशय असा असतो. एकदा बसायला जागा मिळाली की उत्तर मिळालं तरी उठत नाही.

मला तोवर जे शिकवलं गेलं ते मी विश्वासानं घेतलं होतं. वडील डाळमिलमध्ये हमाल. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. पुस्तकात छापलंय म्हणजे खरं, सरांनी सांगितलं म्हणजे खरं, असं समजूनच पोचलो. त्याबद्दल त्या शिक्षकांचे उपकार आहेतच. पण छापलेल्याच्या, दाखवलेल्याच्या पलीकडे एकदा जाऊन बघून यायचं, ही सवय मला रज्जाकभाईंनी लावली. शिकवलं असं नाही. मला मागं यायला कधी बंदी केली नाही, एवढंच.

सप्टेंबरात ती दुपार आली.

धक्क्याला मोठं जहाज लागलेलं आणि तेल भरणारी यंत्रणा गोठली. पडदा जागचा हलेना, पंप सुरू होईना. मी पुण्याला कळवलं. मेघा नातेवाइकांच्या लग्नाला गेलेली होती, सुट्टीवर. थोड्या वेळानं फोन आला. रज्जाकभाईंनी स्पीकर लावला.

"नमस्कार सर, निखिल बोलतोय सपोर्टमधून. लाइन चालू करता का?"

"खूण सांग."

"सर?"

"मेघानं मागच्या वेळी फोन ठेवताना काय सांगितलं?"

"सर, तुमच्या तक्रारीचा तिकीट नंबर देतो ना मी."

"तिकीट तर बसचं पण असतं, बाबा."

"सर, मी ऑफिशियली बोलतोय. माझा एम्प्लॉयी कोड घ्या."

"कोड तुझा. तू कोणाचा?"

मी मध्ये पडलो. "भाई, नंबर पुण्याचा आहे. त्यांचं ईमेलही आलंय, निखिलच बघणार म्हणून."

"पुण्याचा नंबर बाहेरचा पण दाखवू शकतो. ईमेल माझ्या नावानं पण येतात, मी न लिहिलेले." ते माझ्याकडे बघेनात. "आज जहाज अडलंय, आज मेघा नाही, आणि आजच नवीन माणूस. तीन गोष्टी एका दिवशी?"

त्यांचं म्हणणं खुळं नव्हतं, पण धक्क्यावर जहाज उभं होतं. जहाजाचा एजंट फोनवर फोन करत होता. कुरियन साहेब धावत आले.

"रज्जाक, केबल लगाओ."

"साब, आप लिखके दो, मैं अभी लगाता है. ये आदमी को मैंने पहचाना, इतना लिखो."

कुरियन साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. त्यांनी लिहून दिलं नाही. चिडून मात्र फार बोलले. रज्जाकभाईंनी खणाची किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशावर हात ठेवून बसले.

बऱ्याच वेळानं मी मेघाला गाठलं. मागं सनई, वाजंत्री, कुणीतरी अक्षता मागतंय. ती मांडवाच्या बाहेर आली असावी. "सासूबाईंनी माझ्या लोणच्याला नावं ठेवली आणि जेवताना दोनदा मागून घेतलं," ती ओरडून म्हणाली. "भाई, ही खूण! मी निखिलला सांगितली होती! त्यानं नाही सांगितली?"

निखिलला वाटलं होतं, मेघा त्याची फिरकी घेतेय. आखाती देशातल्या तेल कंपनीच्या वरिष्ठ माणसाला पहिल्याच फोनवर सासूच्या लोणच्याचं काय सांगायचं, म्हणून बिचारा गप्प राहिला. केबल लागली, निखिलनं दुरुस्ती झटक्यात केली. तोवर दुपार संपली होती आणि जहाजाची तक्रार अल बर्शाला पोचली होती.

आठवड्याभरात निर्णय आला. केबल कायम जोडलेली राहील, पुण्याला वाटेल तेव्हा आत येता येईल. आणि तसं असेल तर पाळीवर एक माणूस कमी चालेल. रज्जाकभाईंचा करार नोव्हेंबरात संपत होता. तो वाढवायचा नाही.

इथं नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि बापाचा गेला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या लेकीचाही. सनाची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. शाळेतून तिचं नाव नोंदलं गेलं होतं, परीक्षेचं केंद्र इथलंच. मधूनच उठून गेलं तर वर्ष बुडालं. हे मला सनानंच सांगितलं. मी त्यांच्या घरी गेलो होतो. रज्जाकभाई आत नमाज पढत होते.

"भैया, कॅन दे डू धिस? माय बोर्ड्स आर इन फेब्रुवारी."

"करू शकतात," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"अब्बा वोन्ट आस्क देम. ही थिंक्स इफ ही आस्क्स, दे विल नो व्हॉट टु टेक." मागितलं की काय हिरावायचं ते त्यांना कळेल, असं तिच्या बापाला वाटत होतं. ती पुस्तकाच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिली.

रज्जाकभाई बाहेर आले. टोपी घडी करून खिशात ठेवली, माझ्यासमोर बसले.

"नवीन लाइन तू बसवलीस. त्याचं पुढं हे होणार, तुला माहीत होतं?"

"नाही, भाई."

पहिल्या दिवशी ओळखपत्रावरच्या फोटोकडे पाहिलं होतं तसं त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाले, "बरं," आणि उठून थर्मास आणला.

कायमची लाइन सुरू करण्याआधी एक बैठक झाली, पडद्यावरून. अल बर्शाचे दोन साहेब, आमच्याकडून कुरियन साहेब, पुण्याहून मेघा आणि तिचे वरिष्ठ. मी संगणक चालवायला होतो. रज्जाकभाईंना बोलावलं नव्हतं, पण काढूनही लावलं नव्हतं; ते आपल्या खुर्चीत, पडद्याला दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसून होते. मेघाचा चेहरा मीही पहिल्यांदाच पाहत होतो. साधी, डोळ्यांखाली काळं आलेली बाई, मागं भिंतीवर मुलानं काढलेलं मांजराचं चित्र. रज्जाकभाईंनी मान पुढं करून ते चित्र पाहिलं.

साहेबांनी विचारलं, तुमच्या बाजूनं काही अडचण? बोलणं हिंदी-इंग्रजीत चाललेलं. मेघाचे वरिष्ठ 'नो इश्यू, सर' म्हणाले. मेघा म्हणाली, "मला आहे."

अल बर्शाच्या एका साहेबांनी 'बोला' म्हणून हात केला.

"त्या दिवशीचा उशीर आमच्यामुळे झाला. मी खूण दिली होती, आमच्या माणसानं सांगितली नाही. हे मी त्याच दिवशी लेखी कळवलंय. दुसरं, लाइन कायम उघडी ठेवा, मी यंत्रणा तपासेन, प्रोग्रॅम दुरुस्त करेन. पण तिकडे माणूस नसेल तर व्हॉल्व्ह मी हलवणार नाही."

"कॅमेरे लावू," अल बर्शाचे एक साहेब म्हणाले.

"सर, कॅमेऱ्यात जेवढं दिसतं तेवढंच दिसतं. नळामागं कोणी आहे का, असं मी त्याला विचारलं तर तो जाऊन बघून येत नाही. आत्तापर्यंत चार वेळा रज्जाकभाईंनी मला फोनवरून थांबवलंय. चारही वेळा तिथं कोणीतरी होतं. मी पुण्यात आहे, मला इथून माणूस दिसत नाही. मला भीती वाटते."

कुरियन साहेब एवढा वेळ टेबलाकडे बघत होते. त्यांनी घसा साफ केला. "सर, ये बात सही है. वो जाके खड़ा रहता है. मैंने चेक करवाया है." माझं नाव त्यांनी घेतलं नाही, पण त्या वाक्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

शेवटी ठरलं ते असं: पुण्याचं काम चालू असताना जागेवर माणूस हवाच, असं करारात घालायचं. तो माणूस पुढं मी. मला तयार करायचं रज्जाकभाईंनी, आणि त्यासाठी त्यांना मार्चअखेरपर्यंत मुदतवाढ. त्यापुढं नाही.

मार्चअखेर म्हणजे सनाचे सगळे पेपर. मी वळून पाहिलं. वाटलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसेल. ते चष्मा पुसत होते.

"ती का बोलली?" बैठक संपल्यावर ते म्हणाले.

"म्हणजे?"

"माझ्या बाजूनं का बोलली? तिचा साहेब नो इश्यू म्हणतोय आणि ही बोलते. तिचा काय फायदा?"

"भाई, तिला खरं वाटलं म्हणून बोलली."

"कोण म्हणतो?"

आठ-दहा दिवस हेच. जेवताना मध्येच थांबून, "तिला तू सांगितलंस का रे, सनाच्या परीक्षेचं?" मी शपथ घेतली. त्यांनी सनालाही विचारलं, तिनं कपाळावर हात मारला. अखेर मेघाचा कामासाठी फोन आला. कायमची लाइन अजून सुरू झाली नव्हती; खूण बरोबर निघाली, केबल लागली, काम झालं. फोन ठेवायची वेळ झाली तेव्हा रज्जाकभाई म्हणाले, "थांब गो. त्या दिवशी बोलायला तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, भाई."

"मग का?"

"तुम्ही इतकी वर्षं माझ्या घरातलं सगळं लक्षात ठेवलंत. माझ्या नवऱ्यालाही एवढं आठवत नाही."

रज्जाकभाईंनी टेबलावरचा थर्मास उगाच सरळ केला. मग माझ्याकडे पाठ करून, आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या मुलीची बारावी आहे. सना नाव. फिजिक्स कच्चं आहे." घरातलं काही त्यांनी तिला सांगितलं ते हे पहिलं आणि माझ्या ऐकण्यात शेवटचं.

पुढचे महिने मी त्यांच्यासोबत धक्क्यावर फिरलो. कुठं उभं राहायचं, कुठून नळामागचं दिसतं, रंगारी कुठं सावलीला बसतात. फेब्रुवारीत परीक्षा सुरू झाली. पेपरच्या दिवशी ते सकाळची पाळी घेत नसत. शाळेच्या फाटकासमोर गाडीत बसून राहत. सना म्हणायची, "अब्बा, पीपल आर स्टेअरिंग." ते म्हणायचे, "बघू दे. मी पण त्यांना बघतोय." शेवटचा पेपर संपवून ती बाहेर आली त्या दिवशी त्यांनी मला फोन केला. "झालं," एवढंच म्हणाले. कोण बोलतंय हे सांगायचंही विसरले.

एप्रिलमध्ये मी त्यांना शारजाच्या विमानतळावर सोडायला गेलो. सना माझ्या शेजारी, रज्जाकभाई मागच्या सीटवर, बाजूला दोरी बांधलेलं खोकं. फुजैरा मागं पडलं, उघडे तपकिरी डोंगर सुरू झाले. मी रस्त्याबद्दल काहीतरी म्हणालो. उत्तर आलं नाही. आरशात पाहिलं तर मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून ते गाढ झोपले होते. हात खोक्यावरून घसरून सीटवर पडलेला.

"पेपर संपल्यापासून असेच झोपतात," सना मराठीत म्हणाली. "एनीव्हेअर."

बोगद्यातसुद्धा त्यांना जाग आली नाही.

विमानतळावर ते उतरले, बॅगा मोजल्या, खोक्याची दोरी ओढून पाहिली. पासपोर्ट सनाकडे होते. ती ढकलगाडी घेऊन पुढं गेली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, काढला आणि दाराकडे चालू लागले. काचेच्या दारापर्यंत गेले आणि मागं फिरले. झपाझप माझ्याकडे आले. मला वाटलं, काहीतरी सांगायचं राहिलं असणार.

ते माझ्या अंगावरून पुढं गेले, गाडीच्या मागं. बॅगा काढून मी बंद केलेल्या डिकीचं झाकण धरून एकदा वर ओढलं. उघडलं नाही. पुन्हा ओढलं, जोरात. मग टपावर दोन बोटं टेकवली आणि आत थांबलेल्या लेकीकडे निघून गेले.